तलवारी, चेटूक आणि टॉल्स्टॉय: मला वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी कोल्हापुरात गुळाच्या अडतीवर किर्द-खतावणी लिहितो. दिवाळी पाडव्याच्या मुहूर्ताच्या सौद्यांपासून हंगाम संपेपर्यंत मान वर करायला सवड नसते. पाऊस लागला की मग मी आणि पुस्तकं. घरी चार कपाटं आहेत, त्यातलं दीड फँटसीचं. उसनी पुस्तकं न्यायला येणारे बरेच, आणि सगळे तेच तेच विचारतात. कुणी फोनवर पाठवतं, कुणी मार्केट यार्डात काट्याजवळ गाठतं. म्हणून उत्तरं एकदाची लिहून टाकली. मी प्राध्यापक नाही. मतं माझी आहेत, पटली नाहीत तर चहा प्यायला या, भांडू.

१. काका, फँटसी म्हणजे नक्की काय? भुताच्या गोष्टी, सायन्स फिक्शन हे सगळं त्यातच येतं का?

येतं म्हणणारे आहेत. माझी फोड वेगळी आहे. भयकथेत जग आपलंच असतं, तीच गल्ली, तोच जिना, आणि नको ती एक गोष्ट त्यात शिरते. नारायण धारप वाचा, कळेल. विज्ञानकथेत 'हे घडलं कसं' याचा जबाब विज्ञानाच्या भाषेत द्यावा लागतो, जयंत नारळीकर देतात तसा. फँटसीत जगच निराळं असतं किंवा आपल्या जगाला निराळ्या जगाचं दार असतं, आणि आपल्याला जो चमत्कार वाटतो तो तिथल्या लोकांच्या रोजच्या व्यवहारातला असतो. मराठीत 'अद्भुतरम्य' असा जुना शब्द आहे. त्यातलं 'रम्य' मला नको असतं, कारण चांगली फँटसी पुष्कळदा अंगावर येते.

माझी एक कसोटी पुढे सारखी भेटेल, ती इथेच सांगतो. चमत्कार घडला की मी विचारतो, याचे पैसे कुणी भरले? वर्षानुवर्षं जमा-नावे लिहून लागलेली खोड आहे ही. कांडी फिरवली आणि काम झालं, कुणाचं काही गेलं नाही, असं दिसलं की मी पुस्तक मिटतो.

२. 'अभिजात' कोण ठरवतं? सरकार का?

सरकारनं ३ ऑक्टोबर २०२४ ला जो दर्जा दिला तो मराठी भाषेला. पुस्तकांना तसा कागद मिळत नाही. हा घोळ बऱ्याच जणांचा होतो. त्या आठवड्यात एकानं मला गंभीरपणे विचारलं होतं, "मग आता जुन्या कादंबऱ्यांची किंमत वाढणार का?"

माझ्यापुरतं उत्तर असं: लिहिणाऱ्याच्या नातवंडांच्या वयाची माणसं ज्या पुस्तकावरून अजून भांडतात ते अभिजात. 'कोसला' १९६३ ची. साठ वर्षं उलटली तरी तिच्यावरून चहा गार होतो. निम्मे म्हणतात पांडुरंग सांगवीकर म्हणजे आम्हीच की, निम्मे म्हणतात हा पोरगा नुसता कुरकुरतोय. ज्याला सगळे नमस्कार करतात आणि उघडत कुणीच नाही, त्याला मी अभिजात म्हणत नाही.

३. मी कादंबऱ्या फारशा वाचलेल्या नाहीत. सुरुवात कुठून करू?

दोन पातळ पुस्तकं सांगतो. पहिलं, व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' (१९५५). एक पोरसवदा मास्तर माणदेशातल्या धनगरांच्या वाडीवर जातो. एवढीच गोष्ट, आखूड वाक्यं, आणि शेवटी दुष्काळ असा येतो की पान उलटताना घशाला कोरड पडते.

दुसरं, अर्सुला ल ग्विनचं 'अ विझार्ड ऑफ अर्थसी' (१९६८). शेळ्या राखणारं एक पोर, अंगात विद्या आणि डोक्यात मस्ती. जादूच्या शाळेत एकाची जिरवायची म्हणून तो करू नये ते करतो आणि त्यातून एक काळी सावली मोकळी सुटते. उरलेलं पुस्तक त्याचं आणि त्या सावलीचं. किंमत कुणी मोजली, हे इथे विचारावं लागत नाही. तोंडावर जन्मभराचा वण घेऊन फिरतो बिचारा.

हे पुस्तक आपल्या लोकांना पटकन कळतं, त्याला एक कारण आहे. अर्थसीत प्रत्येक माणसाचं एक खरं नाव असतं आणि ते ज्याला कळलं त्याचा तुमच्यावर ताबा चालतो. म्हणून ते कुणी कुणाला सांगत नाही, चारचौघांत टोपणनाव चालतं. माझी आजी जन्मात आजोबांचं नाव घ्यायची नाही. रेशनच्या दुकानात कार्ड लिहून घेणाऱ्यानं "नवऱ्याचं नाव?" म्हणून विचारलं की ती पदर तोंडाला लावायची आणि मला कोपरानं ढोसायची, "सांग रं तुझ्या आज्याचं नाव." मी सात वर्षांचा. नावात काहीतरी धोक्याचं असतं हे मला तिथेच कळलं होतं. ल ग्विनबाई फार पुढे भेटल्या.

४. हॅरी पॉटरचे सातही भाग झाले. आता काय?

अर्थसी (प्रश्न ३). जादूची शाळा तिथे हॅरीच्या जन्माआधी, जवळपास तीस वर्षं अगोदर उघडली होती. हसायचं असेल तर टेरी प्रॅचेट. त्याच्या डिस्कवर्ल्ड मालिकेत ४१ कादंबऱ्या आहेत आणि त्या क्रमानं वाचाव्या लागत नाहीत. 'गार्ड्स! गार्ड्स!' उचला. टॉल्कीनकडे लगेच जाऊ नका. का, ते पुढच्या प्रश्नात.

५. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' तीनदा सुरू केलं, तीनदा शंभर पानांत अडकलो. माझं काही चुकतंय का?

काही चुकत नाही. पहिली शंभर पानं म्हणजे वाढदिवसाचं जेवण, वंशावळी, तमाखूचं पुराण आणि चालणं. टॉल्कीननं ती मुद्दाम तशी लिहिली असं मी आता मानतो, पण हे मला पुराच्या पाण्यानं शिकवलं.

२००५ चा पूर. शुक्रवार पेठेतलं आमचं जुनं घर पंचगंगेपासून हाकेच्या अंतरावर. खालच्या फळीवरची पुस्तकं काढायची राहिली. पाणी उतरल्यावर तिसरा खंड सापडला तो विटेसारखा फुगलेला. चार-पाच पानांआड वर्तमानपत्राचा कागद घालून पंख्याखाली आठवडाभर वाळवला. अंगठी ज्वालामुखीत पडते तिथपर्यंतची पानं सुटली. पुढची चिखलानं एकमेकांना धरून बसली होती. मी म्हटलं, जाऊ दे, गोष्ट तर संपली. सिनेमाही तिथंच संपल्यासारखा आठवत होता.

वर्षभरानं दुसरी प्रत हाती आली तेव्हा बघतो तर अंगठी नष्ट झाल्यावर आणखी सहा प्रकरणं! अंगठी घेऊन गेलेला फ्रोडो आणि त्याचे तीन सोबती घरी परततात आणि गाव ओळखू येत नाही. झाडं तोडलेली, गिरणी धूर ओकतेय, ओळखीची माणसं मुकादमी करताहेत. ते निस्तरलं तरी फ्रोडो सावरत नाही. जखम झाली ती तारीख आली की दरवर्षी आजारी पडतो. जग वाचलं, आणि त्याची किंमत त्यानं भरली. माझ्या लेखी पुस्तक हे आहे. सुरुवातीचं ते वाढदिवसाचं जेवण, ती फुलबागेची रटाळ वर्णनं याचसाठी असतात. काय मोडणार आहे हे आधी नीट बघून ठेवायला नको का?

तेव्हा चौथ्यांदा सुरू करा, पण पावसाळ्यात. आणि टॉल्कीनच्या मते ही एकच कादंबरी आहे, तीन नव्हेत. प्रकाशकानं १९५४-५५ मध्ये तिचे तीन खंड केले. म्हणून पहिला खंड 'अर्धवटच संपतो' अशी तक्रार माझ्याकडे आणू नका.

६. मधली गाणी, कविता, माहितीची प्रकरणं गाळली तर चालतात का?

टॉल्कीनची गाणी पहिल्या वाचनात खुशाल गाळा. दुसऱ्या वेळी आपणहोऊन थांबाल.

माहितीच्या प्रकरणांचं मात्र सांभाळून. हर्मन मेलव्हिलच्या 'मोबी डिक'मध्ये (१८५१) देवमाशांच्या जाती, दोरखंड, भाले यांवर पानंच्या पानं आहेत आणि शहाणीसुरती माणसं ती गाळायला सांगतात. मीही गाळत निघालो होतो. मग रात्रीच्या वेळी जहाजावर चरबी कढवण्याचं प्रकरण आलं आणि मी ताठ बसलो. मोठाल्या कढया, खाली रसरसलेला जाळ, धुरानं काळवंडलेली माणसं लांब दांड्यांनी ढवळताहेत. हे तर गुऱ्हाळ! आणि सगळ्यात मोठी गंमत म्हणजे सुरुवातीचं लाकूड सोडलं तर जाळायला बाहेरचं काही लागत नाही. चरबी वितळून उरलेला चोथाच चुलीत जातो, मासा स्वतःच्या आगीवर कढतो. आपल्याकडे उसाचा रस काहिलीत आणि त्याच उसाची चिपाडं चुलवाणात. पावणेदोनशे वर्षांपूर्वीच्या अमेरिकी माणसानं समुद्रात बसून आमच्या गुळव्याचं चित्र काढलं होतं आणि मी ते गाळणार होतो. म्हणून सांगतो, तुमच्या धंद्याच्या जवळचं काही निघतंय का ते बघून मगच गाळा.

७. फँटसी म्हणजे वास्तवापासून पळवाट, असं आमचे सर म्हणतात. खरं आहे का?

सरांना विचारा, पळून गेलेला माणूस कुठून पळाला होता? टॉल्कीन १९१६ मध्ये पहिल्या महायुद्धातल्या सोमच्या लढाईत होता. युद्ध संपलं तेव्हा त्याच्या जिवलग मित्रांपैकी एक सोडून सगळे मेलेले होते. त्यानं लिहिलेल्या दलदलीत पाण्याखाली प्रेतांचे चेहरे दिसतात. आता याला पळवाट म्हणायचं असेल तर म्हणा.

शिवाय सरांच्या लाडक्या अभिजात पुस्तकांतलं बहुधा सगळ्यात मोठं पुस्तक याच भांडणावर उभं आहे. 'डॉन किहोते' (पहिला भाग १६०५, दुसरा १६१५) हा शौर्यकथा वाचून डोकं फिरलेल्या माणसाचा इतिहास. गावचा पाद्री आणि न्हावी त्याची पुस्तकं जाळायला बसतात. पण प्रसंग नीट वाचा. एकेक पुस्तक हातात घेतात, त्याच्याबद्दल बोलतात, आणि "हे ठेवू या, हे चांगलंय" म्हणत काही बाजूला काढतात. जाळायला बसलेल्यांनीच त्यातली बरीच वाचलेली असतात! सर्व्हान्तेस अद्भुताची टिंगल करतो पण त्याचं मन त्यातच अडकलंय, हे त्या प्रकरणात उघडं पडतं.

पळवाट असलेली फँटसी नसते असं नाही. ढिगानं असते. तशा कौटुंबिक कादंबऱ्याही असतात, त्यांना कुणी पळवाट म्हणत नाही.

८. मग महाभारत ही फँटसी म्हणायची का?

हा प्रश्न दोन प्रकारची माणसं विचारतात, एक भांडायला आणि एक खरंच कुतूहलानं. दुसऱ्यांसाठी लिहितो.

नाही म्हणायची. फँटसीत लेखक आणि वाचक दोघांनाही माहीत असतं की हे रचलेलं आहे. महाभारत आपल्या घरात रचलेलं म्हणून येत नाही, ते इतिहास म्हणून, धर्म म्हणून, आजीच्या तोंडून येतं. त्याला एका कप्प्यात कोंबायचा मला अधिकार नाही आणि गरजही नाही.

पण फँटसी लिहिणाऱ्यानं शिकावं असं तिथं काय नाही! आजकाल इंग्रजी फँटसीवाले 'जादूचे नियम' म्हणून फार चर्चा करतात. कर्णाचं बघा. कवचकुंडलं कापून दिली तेव्हा इंद्राची शक्ती मिळाली, आणि तीही एकदाच वापरायची. अर्जुनासाठी राखून ठेवली, घटोत्कचावर खर्च करावी लागली. अस्त्र मिळालं पण परशुरामाचा शाप असा की ऐन वेळी आठवणार नाही. रथाचं चाक धरणी गिळणार हाही शापच. एकही गोष्ट फुकट नाही, आणि प्रत्येक देणं ठरल्या वेळी वसूल होतं. ययातीला तारुण्य परत मिळालं ते पूरूच्या अंगातून काढूनच.

या दोन्ही गोष्टींवरच्या आपल्या दोन सर्वांत खपाऊ कादंबऱ्यांची मुळं आमच्या भागात आहेत, हे जरा छाती फुगवून सांगतो. 'ययाति' (१९५९) लिहिणारे वि. स. खांडेकर कोल्हापूरकर झाले होते. मराठीला पहिलं ज्ञानपीठ त्यांच्यामुळे आलं आणि त्यांचं स्मृतिसंग्रहालय शिवाजी विद्यापीठात आहे. 'मृत्युंजय' (१९६७) लिहिणारे शिवाजी सावंत आजऱ्याचे. या दोन्हींना मी पुराणावरच्या कादंबऱ्या म्हणतो, फँटसी नाही. आणि या दोन्ही वाचल्यावर इरावती कर्व्यांचं 'युगान्त' वाचाच. देवत्वाचा सगळा मुलामा उतरवून बाई त्या माणसांकडे माणसं म्हणून बघतात. पहिल्यांदा राग येतो, मग येत नाही.

९. मराठीत स्वतःची फँटसी का नाही?

होती. मराठी कादंबरीनं डोळे उघडले तेच अद्भुतात. लक्ष्मण मोरेश्वर हळब्यांची 'मुक्तामाला' १८६१ ची. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी अरबी भाषेतल्या सुरस आणि चमत्कारिक गोष्टी मराठीत आणल्या. नाथमाधवांच्या 'वीरधवल'नं आमच्या आजोबांच्या पिढीला रात्र रात्र जागवलं. मला पंचमीच्या सुट्टीत ती सापडली तेव्हा जेवायला तीन हाका माराव्या लागल्या होत्या.

मग काय झालं? हरिभाऊ आपटे आले. 'पण लक्षात कोण घेतो?' १८९० पासून 'करमणूक'मध्ये येऊ लागली आणि कादंबरीनं घरातल्या विधवेकडे बघायचं ठरवलं. ते व्हायलाच हवं होतं. पण तेव्हापासून अद्भुताची रवानगी पोरांच्या खोलीत झाली, 'चांदोबा'त. तिथं विक्रम वेताळाला खांद्यावर घेऊन चालतच राहिला, आणि मोठी माणसं लपून वाचत राहिली.

दुसरं कारण माझं स्वतःचं, विद्वानांना पटेल न पटेल. इंग्रजांच्या मुलखात जुने देव गेले, म्हणून टॉल्कीनला ते नव्यानं रचावे लागले. आमच्याकडे ते कुठे गेलेत? ललिता पंचमीला अंबाबाईची पालखी रुसलेल्या त्र्यंबोलीला भेटायला टेंबलाईच्या टेकडीवर जाते. कुमारिकेच्या हातून कोहळा फुटतो, तो कोहळा म्हणजे राक्षस, आणि त्याचा तुकडा मिळवायला धट्टीकट्टी माणसं एकमेकांच्या अंगावर पडतात. मी स्वतः एकदा सदऱ्याची बाही फाडून घेतली आहे. शहराच्या नावातच जिथं कोल्हासुराची गोष्ट सांगतात, तिथं दुसरं जग रचायची निकड कुणाला वाटणार?

तरीही मोठ्यांसाठीची, मराठी जिभेची फँटसी एका माणसानं लिहिली. पुढचा प्रश्न.

१०. जी. ए. कुलकर्णी कळत नाहीत. डोकं दुखतं. तरी वाचावेत का?

वाचावेत, आणि 'कळणं' जरा बाजूला ठेवून वाचावेत. 'रमलखुणा' (१९७५) घ्या. त्यात दोनच दीर्घ कथा आहेत, 'प्रवासी' आणि 'इस्किलार'. नाव-गाव-काळ नसलेला मुलूख, वाळू, देवळं, भाकितं, नियती. धारवाडात इंग्रजी शिकवणाऱ्या या माणसानं एकही चेटकीण, एकही ड्रॅगन न आणता परकं जग उभं केलं. लोक त्याला रूपककथा म्हणतात आणि लगेच 'याचा अर्थ काय' म्हणून उकरायला लागतात. उकरू नका. आधी प्रवास म्हणून वाचा. तहान लागली तर तहान लागली म्हणा.

सोपं दार हवं असेल तर त्यांनी केलेला अनुवाद 'सोन्याचे मडके'. मूळ लेखक जेम्स स्टीफन्स, आयर्लंडचा. तत्त्ववेत्ते, बुटके, देव, सगळा गोंधळ आहे. जी.ए. हसू शकत होते हे मला त्यात कळलं.

'जी.ए. म्हणजे फँटसी नव्हेत' असं बजावणारे दोन निरोप दरवर्षी येतात. असू दे.

११. रशियन कादंबऱ्यांतली नावं लई अवघड. कोण कुणाचा कोण तेच कळत नाही. काय करावं?

खरं तर ही नावं इंग्रजांपेक्षा आपल्याला सोपी जायला पाहिजेत. दस्तयेवस्कीच्या 'क्राइम अँड पनिशमेंट'चा (१८६६) नायक रोदिऑन रोमानोविच रास्कोल्निकोव्ह. पहिलं त्याचं नाव, मधलं वडलांचं, शेवटी आडनाव. रोमानोविच म्हणजे रोमानचा मुलगा. बहीण अव्दोत्या रोमानोव्ना, रोमानची मुलगी. आपल्या सातबाऱ्यावर असतं तसंच की! वर घरात हाक मारायचं नाव वेगळं: तो रोद्या, ती दुन्या. आपल्याकडे ज्ञानेश्वराचा माउल्या होतो आणि पांडुरंगाचा पांड्या, तेव्हा कुठे घोटाळा होतो?

मी कोऱ्या कागदाची घडी घालून पुस्तकात ठेवतो आणि खतावणीसारखं प्रत्येकाचं पान पाडतो: पूर्ण नाव, घरातलं नाव, कुणाचा कोण, किती कर्ज. शेवटचा रकाना दस्तयेवस्कीला फार उपयोगी पडतो, कारण त्याच्याकडे प्रत्येक जण कुणाचं ना कुणाचं देणं लागतो. 'वॉर अँड पीस'ला तीन कागद लागले.

१२. इंग्रजीत वाचू की मराठी अनुवादात?

ज्या भाषेत हसू येतं त्या भाषेत. अडखळत वाचलेल्या मुळापेक्षा सलग वाचलेला अनुवाद बरा. फँटसीच्या अनुवादात तर वेगळीच मजा असते, कारण अनुवादकाला शब्द घडवावे लागतात. हॅरी पॉटरच्या पहिल्या भागाचं मराठी नाव 'हॅरी पॉटर आणि परीस'. लोखंडाचं सोनं करणारा दगड आपल्या भाषेत शतकानुशतकं तयार बसला होता. असा शब्द चपखल बसला की मला लॉटरी लागल्यासारखं होतं.

एक भेद लक्षात ठेवा. अनुवाद वेगळा आणि बेतलेलं वेगळं. धारपांची 'लुचाई' स्टीफन किंगच्या ''सेलम्स लॉट'वर बेतलेली आहे, पण गाव, माणसं, भीती सगळी इथली. चोरी म्हणायची का? मी म्हणत नाही, पण मूळ लेखकाचं ऋण ठळक सांगायला हवं, एवढं म्हणतो.

१३. सिनेमा आधी पाहिला तर पुस्तक बिघडतं का?

चेहरे बिघडतात, बाकी नाही. गोष्ट कळल्यानं पुस्तक संपत असतं तर रामायण कुणी दुसऱ्यांदा ऐकलं नसतं. सिनेमात काय गळालं त्याचा एक दाखला प्रश्न ५ मध्ये आहे.

१४. लेखकानं मालिका पूर्ण केलेली नाही. तरी सुरू करावी का?

म्हणजे तुम्ही 'गेम ऑफ थ्रोन्स'वाल्या जॉर्ज मार्टिनबद्दल विचारताय. पहिला भाग १९९६, पाचवा २०११, सहाव्याची वाट बघता बघता टीव्हीवरची मालिका २०१९ ला संपलीसुद्धा. इकडे थकबाकी एवढी जुनी झाली की शेठजी 'बुडीत' म्हणून लिहायला सांगतात.

तरीही सुरू करा. तिसरा भाग 'अ स्टॉर्म ऑफ स्वोर्ड्स' (२०००) वाचायला मिळतो एवढ्यासाठी. शेवटाची हमी हवीच असेल तर रॉबर्ट जॉर्डनची 'व्हील ऑफ टाइम' पूर्ण आहे: चौदा जाडजूड खंड. जॉर्डन २००७ मध्ये वारला, त्याच्या टिपणांवरून ब्रँडन सँडरसननं २०१३ पर्यंत ती तडीस नेली. मधले तीन-चार खंड इतके संथ आहेत की अपुरी राहिलेली मालिका बरी वाटू लागते. मी पूर्ण वाचली. हंगाम चुकला होता त्या वर्षी.

१५. जुन्या पुस्तकांत बायकांबद्दल, जातीबद्दल, रंगाबद्दल आज खटकणारं असतं. तरी डोक्यावर घ्यायचं का?

डोक्यावर कशाला, हातात घ्या. खटकलं तर समासात पेन्सिलीनं लिहा. टॉल्कीनच्या हजार पानांत बायका मोजायला दोन्ही हात लागत नाहीत, हे म्हटल्यानं त्याचं पुस्तक जळत नाही आणि न म्हटल्यानं मोठं होत नाही.

ल ग्विनचं उदाहरण मला फार आवडतं. तिच्या अर्थसीच्या पहिल्या पुस्तकात बायकांची जादू कमअस्सल अशी म्हणच आहे, आणि शाळा फक्त मुलग्यांची. १९७२ ला तिसरा भाग झाला, मालिका संपली असं सगळ्यांना वाटलं. अठरा वर्षांनी, १९९० मध्ये, तिनं 'तेहानू' लिहिली. त्याच जगात परत जाऊन, एका अधेड विधवेच्या आणि भाजलेल्या पोरीच्या नजरेनं. आधीचं खोडलं नाही, आपलीच चूक पुढच्या पानावर वळती करून फेडली. पुष्कळ वाचकांना ते आवडलं नाही, जादू कमी आणि भांडी घासणं जास्त म्हणून. मला तोच भाग सगळ्यात जवळचा.

आणि गेड, म्हणजे अर्थसीतलं ते शेळ्या राखणारं पोर, गोरा नाही, तांबूस काळसर कातडीचा आहे, हे लेखिकेनं स्वच्छ लिहिलेलं असताना त्याला मुखपृष्ठांवर वर्षानुवर्षं गोरा रंगवलं गेलं. ती त्यावर वैतागून लिहायची. पुस्तक न वाचता चित्र काढणारे सगळीकडे असतात.

१६. माझी मुलगी दहा वर्षांची आहे. तिला काय देऊ?

भा. रा. भागवत. आणि जे मागेल ते. वय बघून पुस्तक लपवलं की ते आधी वाचलं जातं, हा स्वानुभव आहे.

१७. तुम्हाला न आवडलेलं किंवा मत बदललेलं नावाजलेलं पुस्तक कोणतं? खरं सांगा.

जेम्स जॉईसची 'युलिसिस' (१९२२) मी तीनदा सोडली. नार्निया मालिका आवडते, पण शेवटच्या भागात सूझनला लिपस्टिक आणि पार्ट्या आवडतात म्हणून जे बाहेर ठेवलं, ते लुईसला मी माफ केलेलं नाही.

मत बदललं ते 'मृत्युंजय'बद्दल. सतराव्या वर्षी वाचून रडलो होतो, रंकाळ्याच्या कठड्यावर बसून, दिवे लागले तरी उठलो नव्हतो. चाळिशीत परत काढली. मधल्या काळात महाभारताचं भाषांतर वाचून झालं होतं, आणि द्यूतसभेत मुळातला कर्ण द्रौपदीला जे बोलतो ते वाचून झालं होतं. सावंतांचा कर्ण त्या मानानं फार उजळ वाटला. भाषाही जागोजागी अलंकारांनी वाकलेली. नाराज होऊन ठेवून देणार होतो, इतक्यात वृषालीचा भाग लागला आणि पुन्हा तीस-चाळीस पानं उभ्यानं वाचली. म्हणजे बदललं की नाही, तुम्हीच ठरवा.

१८. ही पुस्तकं कोल्हापुरात कुठं मिळतील?

मराठी अभिजात हवं तर पहिल्यांदा करवीर नगर वाचन मंदिर. १८५० पासूनचं ग्रंथालय आहे. सभासद व्हा, कपाटांसमोर उभं राहून निवडा. इंग्रजी फँटसी नवी घ्यायची तर बहुतेक मागवावीच लागते. जुनी मिळाली तर कणा आणि शेवटची पानं तपासून घ्या. एका विक्रेत्यानं मला शेवटचे सोळा-सोळा पानांचे बरेच फर्मे नसलेली 'अ‍ॅना कारेनिना' गळ्यात मारली होती, आणि ती बाई सुखानं नांदली असं मी महिनाभर समजून होतो.

१९. तुमच्याकडचं पुस्तक उसनं मिळेल का? आणि चुकून हरवलं तर?

मिळेल. वहीत नाव, तारीख आणि पुस्तक लिहून न्यायचं. एका वेळी एकच. भिजलं तर पंखा आणि वर्तमानपत्र (प्रश्न ५), ऊन किंवा इस्त्री नको. हरवलं तर तेच पुस्तक आणून द्यायचं, पैसे मी घेत नाही. 'अर्थसी'चा पहिला भाग सध्या बाहेर आहे. नेणाऱ्यानं वहीत नुसतं 'मी' असं लिहिलंय. त्यानं पुस्तक वाचलं आहे हे कळलं, आता परत आणून द्यावं.